रोज किती प्रोटीन खायचं? आधी कुकरात डाळ किती पडते ते बघा

चौघांच्या घरात रात्रीच्या आमटीला साधारण अर्धी वाटी तूरडाळ लागते. स्टीलची नेहमीची वाटी धरली, दीडशे मिलिलीटरची, तर अर्ध्या वाटीत जेमतेम ६० ग्रॅम डाळ बसते. तूरडाळीत शंभर ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे सगळ्या पातेल्यात मिळून १३ ग्रॅम. चौघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला तीन ग्रॅमच्या जरा वर. तीच आमटी मोबाईलमधल्या ॲपवर ‘एक वाटी डाळ’ म्हणून नोंदवली की ॲप तिला दुप्पट-तिप्पट प्रोटीन बहाल करतं, आणि कुणी कच्च्या डाळीचा आकडा शिजलेल्या वाटीला लावला तर सात-आठ पट.

रोज किती प्रोटीन हवं, याचा आकडा पाच मिनिटांत काढता येतो. आपल्या ताटात नेमकं किती आहे हे कळायला मात्र एक आठवडा आणि एक वजनकाटा लागतो. बहुतेकांचा हिशोब चुकतो तो या दुसऱ्या भागात. म्हणून आकड्याचं काम आधी उरकून घेऊ.

पहिली पायरी: कोणतं वजन धरायचं

प्रोटीनचा हिशोब शरीराच्या दर किलोमागे होतो. पण काट्यावर दिसेल ते वजन सगळ्यांना लागू पडत नाही. अंगावरच्या चरबीला प्रोटीन फारसं लागत नाही. लागतं ते स्नायूंना, अवयवांना, रक्ताला. ९० किलोच्या माणसाने ९०ने गुणलं की आकडा उगाच फुगतो, मग तो जमत नाही आणि दोन आठवड्यांत नाद सुटतो.

सोपी रीत अशी. उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि २२ने गुणा. १५० सेंटिमीटर उंचीला साधारण ५० किलो येतात, १५५ला ५३, १६०ला ५६, १६५ला ६०, १७०ला ६४ आणि १७५ला ६७. तुमचं खरं वजन याच्या चार-पाच किलो आतबाहेर असेल तर खरंच वजन धरा. बरंच जास्त असेल तर जास्तीच्या वजनाचा पाव हिस्सा उंचीवरून आलेल्या वजनात मिळवा. १७० सेंटिमीटर उंचीच्या, ९० किलोच्या माणसाचं जास्तीचं वजन २६ किलो. त्याचा पाव हिस्सा साडेसहा. म्हणून हिशोबाला ७० धरायचे. वजन फारच कमी असेल, अंगावर काही नसेल, तर उलट उंचीवरून आलेलं वजनच धरा, कारण पोचायचं तिथे आहे. गरोदर बाईने गर्भारपणाआधीचं वजन घ्यावं.

दुसरी पायरी: किलोमागे किती

इथे आधार आहे तो आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हैदराबाद इथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या आकड्यांचा. निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६. सरासरी गरज खरं तर ०.६६ आहे, ०.८३मध्ये जवळजवळ सगळ्यांना पुरेल एवढी सूट धरलेली आहे. जुन्या, म्हणजे २०१०च्या तक्त्यात हेच आकडे ६० आणि ५५ होते. म्हणून दोन डॉक्टर दोन वेगळे आकडे सांगतात तेव्हा दोघेही बरोबर असू शकतात.

पण ०.८३ला एक अट चिकटलेली आहे: प्रोटीन चांगल्या प्रतीचं हवं, म्हणजे दूध, अंडी, मासे, मटण यांपैकी काहीतरी किंवा धान्य-डाळ-दूध यांचा नीट मेळ. ज्या घरात पोट मुख्यतः पोळी-भाताने भरतं तिथे किलोमागे १ ग्रॅम धरणंच शहाणपणाचं. शाकाहारी मराठी घरातल्या बहुतेकांनी इथूनच सुरुवात करावी. ५६ किलो वजन, तर ५६ ग्रॅम. संपलं.

पुढचे आकडे ज्यांना गरज वेगळी आहे त्यांच्यासाठी.

साठी ओलांडली असेल तर १ ते १.२. वयाबरोबर खाल्लेल्या प्रोटीनला स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाहीत, म्हणून तेवढ्याच कामाला थोडं जास्त लागतं. आणि नेमक्या याच वयात दात हलतात, भूक मंदावते, रात्री ‘मला नुसता दूधभात पुरे’ सुरू होतं. घरात सगळ्यात कमी प्रोटीन ज्यांच्या पोटात जातं ते बहुधा आजी-आजोबाच असतात.

जिममध्ये वजनं उचलत असाल, आठवड्यातून तीन-चार दिवस, तर १.४ ते १.६. अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१८ साली जो निष्कर्ष निघाला त्यात १.६च्या पुढे स्नायूंना सरासरीने आणखी फायदा दिसत नाही. ‘वजनाच्या दुप्पट खा’ हा जिममधला सल्ला अमेरिकेच्या ‘पाउंडाला एक ग्रॅम’वरून आला आहे, पाउंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. निरोगी माणसाला त्याने लगेच काही होत नाही, खिशाला होतं.

वजन उतरवायचं असेल तर १.२ ते १.६, पण ते पहिल्या पायरीतल्या वजनावर. कमी खाताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, ते राखायला.

शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याचं काय? पोषण संस्थेने कष्टाच्या कामासाठी प्रोटीनचा आकडा वाढवलेला नाही, उष्मांकांचा वाढवला आहे. कारण साधं आहे: दोनाऐवजी चार भाकरी खाल्ल्या की प्रोटीन आपोआप दहा-बारा ग्रॅमने चढतं.

गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यात नेहमीच्या आकड्यावर साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम वाढवायचे. अंगावर पाजताना पहिले सहा महिने १७ आणि पुढचे सहा महिने १३. मुलांना ४ ते ६ वर्षांत दिवसाला साधारण १६ ग्रॅम, ७ ते ९ वर्षांत २३ आणि १३ ते १५ वर्षांत ४३ ते ४५ ग्रॅम पुरतात. लहान मुलांचे आकडे बघून पुष्कळ आयांना हायसं वाटेल, कारण दोन कप दूध, वरणभात आणि एक अंडं यात पाच वर्षांचं मूल आरामात तिथे पोचतं.

कोणी आकडा स्वतः वाढवू नये: ज्यांना किडनीचा विकार आहे, लिव्हरचा गंभीर आजार आहे, आणि ज्यांची तपासणीच झालेली नाही असे जुने मधुमेही व रक्तदाबवाले. किडनी कमजोर असताना डॉक्टर बहुधा किलोमागे ०.८च्या आसपास थांबायला सांगतात. तोच माणूस डायलिसिसवर गेला की उलट १ ते १.२ खायला सांगतात. एकाचा कागद बघून दुसऱ्याने पथ्य करायचं नाही ते यासाठी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.

आलेला आकडा जवळच्या पाचाच्या पटीत न्या. ५६ आलं तर ५५, ६८ आलं तर ७०. दशांशात शिरण्यात अर्थ नाही. ताटातला अंदाजच दहा टक्के इकडेतिकडे असतो.

तिसरी पायरी: शिजलेलं मोजू नका, शिजायला टाकाल ते मोजा

आता खरं काम. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या. आठवडाभर फक्त एक शिस्त पाळायची: पदार्थ कुकरात, पातेल्यात, परातीत पडण्याआधी कोरडा तोलायचा, कागदावर लिहायचा आणि जेवणाऱ्या माणसांनी भागायचा. शिजलेली वाटी मोजण्यात हशील नाही. त्याच ६० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण दोन वाट्या होतं आणि पातळ आमटी पाच. वाटी तीच, आतला ऐवज वेगळा.

कणकेचंही तसंच. सकाळी पीठ तोलून घ्या, मळून झाल्यावर किती पोळ्या झाल्या ते मोजा, भागा. पुणेरी पातळ पोळीला २५ ग्रॅम पीठ लागतं, कुठे ३५ लागतं. भाकरीला ५० ते ६० ग्रॅम. घरच्या एका माणसाच्या हाताचं माप फारसं बदलत नाही, म्हणून हे दोनदा मोजलं की पुरे.

कोरड्या, कच्च्या १०० ग्रॅममागे हे आकडे लक्षात ठेवा:

– तूर, हरभरा, मूग, मसूर, उडीद या डाळी: २२ ते २४ ग्रॅम
– मटकी, चवळी, कुळीथ, राजमा: १९ ते २२
– सोयाबीनच्या वड्या: साधारण ५२
– शेंगदाणे: २३ ते २४, फुटाणे: २० ते २२
– गव्हाचं पीठ: साडेदहा, ज्वारी: १०, बाजरी: ११, नाचणी: ७
– तांदूळ: ८; पोहे: साडेसात
– गाईचं दूध, दही: ३ ते साडेतीन; म्हशीचं दूध जरा जास्त
– पनीर: १८ ते १९
– अंडं: एका अंड्यात ६, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पांढऱ्यात
– हाडाशिवाय चिकन: २१ ते २२, बांगडा, सुरमई: २०च्या आसपास

मासे-मटणात हाडं वजा करायला विसरू नका. अर्धा किलो रश्श्याच्या चिकनमध्ये खायचा भाग साडेतीनशे ग्रॅमच्या आत असतो, म्हणजे सगळ्या पातेल्यात ७० ग्रॅम प्रोटीन. चौघांत १७-१८. आणि वाढताना तंगडी कुणाच्या ताटात जाते यावर बाकीचा हिशोब. ओले बोंबील हे बव्हंशी पाणी, त्यांत बांगड्याच्या निम्मं प्रोटीन. वाळले की मात्र वजनाच्या निम्म्याहून जास्त. फक्त सुक्या मासळीत मीठ बक्कळ असतं, रक्तदाबवाल्यांनी हात आखडता घ्यावा.

काही आकडे लोकांना पटत नाहीत, पण ते तसेच आहेत. रात्री भिजवलेल्या पाच बदामांत एक ग्रॅम प्रोटीन असतं. वाटीभर पालेभाजीत दोन. साबुदाण्यात जवळजवळ शून्य. मोड आल्याने मटकीतलं प्रोटीन वाढत नाही. पचायला सोपी होते, एवढंच. उलट पाणी शोषून तिचं वजन दुपटीहून जास्त होतं, म्हणून बाजारातून आणलेल्या १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत २० नव्हे, आठ-नऊ ग्रॅमच असतात.

आणि वरणाचं पाणी. सहा महिन्यांच्या बाळाला आणि तापातून उठलेल्या माणसाला ‘ताकद यायला’ वरचं निवळ पाणी देण्याची चाल अजून आहे. त्या पाण्यात हळद, मीठ आणि थोडे क्षार उतरतात. प्रोटीन तळाच्या गाळात राहतं आणि तो गाळ घरातले धडधाकट लोक खातात. बाळाला घोटलेला घट्ट वरणभात तुपाबरोबर द्यावा, पाणी नव्हे.

चौथी पायरी: तूट किती, ती कुठे भरायची

एक उदाहरण घेऊ. वय ४८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५५ किलो, शाकाहारी गृहिणी. उंचीवरूनही ५५च येतात, म्हणून ५५ ग्रॅम. तिचा दिवस असा:

दोन कप चहातलं मिळून दीडशे मिलिलीटर दूध: ५. न्याहारीला कांदेपोहे, ५० ग्रॅम पोहे आणि १० ग्रॅम दाणे: ६. दुपारी दोन पोळ्या ६, भाजी २, पातळ आमटी ३, थोडा भात २, म्हणजे १३. चार वाजता दोन-तीन बिस्किटं: १. रात्री एक ज्वारीची भाकरी साडेपाच, पालेभाजी २, आमटी ३, दोन चमचे दही १, मिळून साडेअकरा. बेरीज साडेछत्तीस. तूट अठराएक ग्रॅमची. पोट भरलेलं, ताट घरचं, तेल बेताचं, तरी एवढी तूट.

ती भरायला काय काय करता येईल? दोन्ही वेळच्या आमटीत माणशी पंधराऐवजी तीस ग्रॅम डाळ टाकली, म्हणजे आमटीचं वरण केलं, की साडेसहा ग्रॅम वाढले. दुपारच्या भाजीच्या जागी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ केली तर निव्वळ चार. रात्रीचं दोन चमचे दही वाटीभर केलं तर आणखी चार. बिस्किटांच्या जागी मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम फुटाणे: चार. झाले साडेअठरा. नवीन काही आणावं लागलं नाही, पावडर तर नाहीच. फक्त हे सगळं ताटात वाढवत नेऊ नका, बदला. नाहीतर प्रोटीनबरोबर वजनही चढेल. वरण घट्ट झालं की अर्धी पोळी नाहीतर भात कमी करा.

अंडी चालत असतील तर दोन अंड्यांनी एका फटक्यात १२ येतात. दूधदुभतं अजिबात नको असणाऱ्यांना २५ ग्रॅम सोयावड्या १३ ग्रॅम देतात; गरम पाण्यात भिजवून, दोनदा पिळून मग रश्श्यात टाका, म्हणजे तो कोंदट वास जातो. थायरॉईडची गोळी सकाळी घेत असाल तर सोयाचा पदार्थ तिच्या पाठोपाठ नको, दुपारी ठेवा, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही.

न्याहारी ही आपल्या ताटाची सगळ्यात कच्ची बाजू. पोहे, उपमा, साबुदाणा वडा, खारी-चहा, सगळीकडे पाच-सहा ग्रॅमच्या वर जात नाही. साठीपुढच्यांनी आणि व्यायाम करणाऱ्यांनी एका वेळच्या खाण्यात २० ते २५ ग्रॅम गाठावेत असं सांगतात. रात्रीच्या एका जेवणात सगळं कोंबून स्नायूंना तेवढा उपयोग होत नाही. पोह्यांऐवजी ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली धिरडी १२ ग्रॅम देतात, तेवढ्याच बेसनाची ११. भाजणीचं थालीपीठ दह्याशी खाल्लं तर तेही दहा-बाराच्या घरात. रोज धिरडी कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. वाटलेली डाळ फ्रीजमध्ये दोन दिवस राहते.

उपासाचं काय? साबुदाण्याच्या खिचडीत जे काही प्रोटीन आहे ते दाण्याच्या कुटातलं. म्हणून कूट हात सैल सोडून घाला, बरोबर वाटीभर दही घ्या. भगरीबरोबर दाण्याची आमटी असेलच, ३० ग्रॅम दाण्यांची आमटी सात ग्रॅम देते. राजगिऱ्यात शंभराला तेराच्या पुढे असतं, त्याचे लाडू नव्हे तर थालीपीठ, कारण लाडवात निम्मा गूळ. एका एकादशीने काही बिघडत नाही, आठवड्याची सरासरी बघा. पण जे एरवी मासे-मटणावर असतात आणि श्रावणभर सोडतात, त्यांनी महिनाभर वरण-उसळ दुप्पट करायला हवी. ती सहसा होत नाही; बटाट्याची भाजी दुप्पट होते.

प्रतीचा प्रश्न, थोडक्यात

प्रोटीन ज्या तुकड्यांचं बनतं त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. धान्यात त्यांतलं लायसिन कमी पडतं, डाळीत मेथिओनिन. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरणभात, पिठलं-भाकरी, खिचडी-कढी हे मेळ म्हणूनच भक्कम आहेत. दोन्ही एकाच घासात पडायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी चालतं. पोषण संस्थेने धान्य, डाळ आणि दूध यांचं प्रमाण ३:१:२.५ असावं असं म्हटलं आहे. म्हणजे २४० ग्रॅम धान्य असेल तर ८० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि २०० ग्रॅम दूध. बेरीज करून बघा: २४, साडेसतरा, साडेसहा, मिळून ४८, भाज्यांचे तीन-चार धरले की ५२. अर्थात एका प्रौढ बाईचा दिवस झाला.

दाणे, बदाम, पनीर यांच्याबद्दल एक सूचना. यांच्यात प्रोटीन आहे, पण तेल-तूप त्याहून जास्त. शंभर ग्रॅम दाण्यांत पाचशेच्या वर उष्मांक असतात. वजन वाढवायचं असेल तर छान. उतरवायचं असेल तर मूठ लहान.

पावडर घ्यायची का

वर दिलेला बदल करून ज्याचं भागतं त्याला गरज नाही. ज्यांना चावता येत नाही, मोठं ऑपरेशन झालंय, किंवा आकडा ९०-१००च्या घरात आहे आणि शाकाहारी आहेत, त्यांना सोय म्हणून ठीक. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या पावडरच्या एका स्कूपात २४-२५ ग्रॅम असतात. तेवढ्यासाठी ११५ ग्रॅम कोरडी डाळ लागेल, आणि ती एका बैठकीत खाववत नाही.

घेताना डब्याचं तोंड नव्हे, पाठ वाचा. १०० ग्रॅममागे ७०हून जास्त प्रोटीन हवं. घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) असेल तर तो ‘मास गेनर’, म्हणजे महागातलं पीठ. ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं यादीत घुसवलेली असतील तर जपून. प्रयोगशाळा प्रोटीन मोजते ते नायट्रोजन मोजून आणि त्याला ६.२५ने गुणून; स्वस्त अमिनो आम्लं घालून हा आकडा फुगवता येतो. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी परवाना क्रमांक डब्यावर असायलाच हवा. बायकांसाठी, मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चॉकलेटी पावडरींत बऱ्याचदा प्रोटीनपेक्षा साखर जास्त निघते. स्वस्तातला पर्याय साय काढलेल्या दुधाची पावडर: शंभराला ३५ ग्रॅमच्या आसपास. तिचे २० ग्रॅम कणकेत, ताकात किंवा आजोबांच्या खिरीत मिसळले की सात ग्रॅम, कुणाला कळतही नाही.

भावाची तुलना करायची तर २० ग्रॅम प्रोटीन केवढ्याला पडतं ते काढा. किलोचा भाव गुणिले २०, भागिले एका किलोतलं प्रोटीन. समजा तूरडाळ १५० रुपये किलो, एका किलोत २१७ ग्रॅम, तर चौदा रुपये. सोयावड्या १६०ने मिळाल्या तर सहा. पनीर ४००ला असेल तर बेचाळीस. अंडं सात रुपयांना असेल तर तेवीस. भाव आपल्या वाण्याचे घाला.

बिघडतं ते इथे

सोमवारपासून एकदम दोन वेळा उसळ सुरू केली की बुधवारी पोट फुगतं आणि गुरुवारी सगळं बंद. कडधान्यांतल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांचा वायू करतात. जंतूंना सवय व्हायला दोन-तीन आठवडे द्या: पहिल्या आठवड्यात दिवसाआड अर्धी वाटी, मग रोज अर्धी, मग पूर्ण. आठ ते बारा तास भिजवा, भिजवलेलं पाणी फेका, मऊ होईपर्यंत शिजवा. हिंग-ओवा आहेतच. मूग आणि मसूर त्यातल्या त्यात सोसतात. राजमा, छोले, वाटाणा शेवटी आणा.

चिकन-अंडी वाढवणाऱ्यांचं उलट होतं, पोट साफ होत नाही, कारण भाजी-भाकरी मागे पडते. प्रोटीन वाढवताना फळं-भाज्या कापू नका, पाणी वाढवा.

तिसरी चूक जास्त हुशार लोक करतात. प्रोटीन ८० ग्रॅम, पण एकूण जेवण अर्ध्यावर. पोटात पुरेसं इंधन नसलं की शरीर प्रोटीनच जाळतं. खाल्लेली महागडी पावडर मग पोळीचंच काम करते. आणि व्यायामाशिवाय नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत.

रक्ततपासणीतला अल्ब्युमिनचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रोटीनचा, आकडा ठीक आला म्हणजे प्रोटीन पुरेसं खातोय असं नाही. तो आजारपणात खाली येतो, खाण्यातली किरकोळ तूट दाखवत नाही. केस गळण्यालाही दहा कारणं असतात. लघवीला सारखा, टिकून राहणारा फेस येत असेल तर मात्र वाट न बघता तपासणी करा. वयस्कांसाठी घरची कसोटी अशी: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठून बसायचं, कुणीतरी जवळ उभं राहून घड्याळ लावायचं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद उतरलीय, प्रोटीन आणि व्यायाम दोन्हीकडे बघायला हवं.

वजन पाच किलोने बदललं किंवा वर्ष उलटलं की पहिली पायरी पुन्हा करा. रोजची नोंद मात्र आठवड्यानंतर बंद केली तरी चालेल. त्याऐवजी महिन्याची वाण्याची यादी बघा. डाळी, कडधान्यं, बेसन मिळून किती किलो आहेत? चौघांच्या घरात चार किलो असतील तर ते माणशी रोजचे ३३ ग्रॅम, म्हणजे सात ग्रॅम प्रोटीन. शाकाहारी घरात रोजचे ८० ग्रॅम हवे असतील तर यादीत साडेनऊ किलो दिसायला हवेत. आणि एकदा घट्ट झालेलं वरण, पाहुणे आले की पाणी पडून पातळ होतं आणि पाहुणे गेल्यावरही तसंच राहतं. म्हणून डाळीच्या डब्यात घरच्या मापाची एक वाटी कायमची टाकून ठेवा, आणि ती वाटी किती ग्रॅमची ते डब्याच्या झाकणावर मार्करने लिहा.